कुल्फीवाल्याचे मीठ

हर्सूल तलावाच्या काठी एक कुल्फीवाला रोज गाडी लावत असे. पत्र्याचा साचा दोन्ही तळव्यांत फिरवून कुल्फी सोडवताना तो डोळे मिटून घेई. माझा प्रबंध गोड्या पाण्यातील शैवालावर होता. काठाच्या एका उथळ कोपऱ्यात नेहमीचे हिरवे शैवाल नाहीसे होऊन खाऱ्या पाण्यात तगणारे शैवाल फोफावले होते. या शोधाच्या बळावर मी मनातल्या मनात परदेशी शिष्यवृत्तीही मिळवून टाकली होती. एका संध्याकाळी कुल्फीवाल्याने कुल्फी गोठवायच्या मटक्यातले बर्फ-मिठाचे पाणी नेमके त्याच कोपऱ्यात ओतले.

मिठाने तळ्याचे काय होते, ते मी त्याला सविस्तर समजावले आणि ओतणे थांबवायला सांगितले.

"आजपासून बंद, ताई," तो लगेच म्हणाला.

मी घाईने त्याला अडवले. "आजच नको. माझी निरीक्षणं पुरी होईपर्यंत, महिनाभर ओता."

साचा फिरवता फिरवता त्याने एक डोळा उघडला. "म्हंजे महिनाभर तळं तुमच्यासाठी नासवायचं, अन् मंग तळ्यासाठी सुधरायचं?"

मी एक कुल्फी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून ओतताना कुणी हटकले, की तो माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे सांगे, "ताईंचा प्रयोग हाय."