भरतीचा माणूस

आमोणे गावातला माझा शेजारी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरची मानस, म्हणजे पाणी अडवायची झडप, सांभाळतो. भरतीला तिची फळी लावली नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं. तो फार बोलत नाही, बोललाच तर पाण्याबद्दल. गावच्या सहलीबरोबर आम्ही व्हेनिसला गेलो. होडी संथ चालली होती, पाण्यात वाडे डुलत होते, मला झापड येत होती. त्याने पाण्यात बोट बुडवून चाटलं.

“खारं गो वयनी! आज पुनव.”

लगेच त्याने बायकोला फोन लावला.

“मी लावली फळी. तुम्ही नाही म्हणून भरती थांबते काय?” ती खेकसली. मलाही ऐकू आलं.

त्याचं तोंड उतरलं. पुढे एका घराचं दार उघडं होतं, पाणी उंबऱ्याला लागलेलं. होडी जवळून जाताना त्याने हात लांबवून परक्यांचं ते दार ओढून घेतलं. मग कुठे तो टेकून बसला.