जावयाच्या हातची झोप

शारजाच्या आमच्या घरात एका फळीवर देव आहेत आणि तिच्या खालच्या फळीवर नवऱ्याच्या बाटल्या. पूजा दोघांचीही होते, पण बाटल्यांची जरा जास्त मनोभावे होते. व्हिटॅमिन डी, माशाचं तेल, झिंक, आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत दोन वर्षं सगळ्यांच्या पुढे मॅग्नेशियम. नवरा दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात नोकरीला आहे. रोज दोन्ही वेळा शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये बसून त्याची मान आखडायची आणि झोप उडायची. ऑफिसात कुणीतरी त्याला मॅग्नेशियमची पूड सुचवली, त्याला खरंच झोप लागायला लागली, आणि तेव्हापासून त्याने सगळ्या जगाला झोपवायचा विडा उचलला.

मी त्याची चेष्टा करते, पण खोटं कशाला बोलू? माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे, अंथरुणात उठून पाय चोळत बसावं लागायचं. पूड सुरू केल्यावर ते थांबलं. पोटही साफ राहायला लागलं. मॅग्नेशियम वाईट असतं असं मी आजही म्हणणार नाही. पण दुकानात ती बाटली दिसली तरी मी पुढे सरकते, आणि याचं कारण माझी आई.

आई पुण्यात दादाकडे असते. वडील गेल्यावर मी तिच्या मागेच लागले होते, ये म्हणून. शेवटी गेल्या हिवाळ्यात ती व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आली. निघण्याआधी दादाने तिची बॅग दोनदा उपसली, कारण खसखस. आईला खसखस घातलेलं दूध प्यायल्याशिवाय झोप येत नाही, आणि इथे खसखस आणायला सक्त बंदी आहे; अफूच्याच बोंडातली म्हणून ती अमली पदार्थांत धरतात. लाडवांवरची खसखससुद्धा चालत नाही. अशा गोष्टी गल्फमधल्या प्रत्येक घरात नव्या पाहुण्याला आधी बजावतात. दादाने खसखशीचा डबा काढून ठेवला. त्याची पाठ वळल्यावर आईने बॅगेतून आणखी काय काढलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

विमानतळावर ती व्हीलचेअरमधून बाहेर आली. मी घाबरले, तर म्हणाली, ‘‘अगं, चालायचा कंटाळा म्हणून घेतली. मी एकदम ठणठणीत आहे.’’ नवऱ्याने वाकून नमस्कार केला, तशी डोक्यावर पदर घेऊन चक्क खुर्चीतून उठून उभी राहिली.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या आईने तर बाकीच्या नवांना रजा देऊन या एकाचीच शांत करायची असं ठरवलेलं. त्याच्यासमोर ती सोफ्यावर टेकून बसायची नाही. तो ऑफिसातून यायच्या वेळी साडी बदलायची. त्याने वाढलेलं पानात टाकायची नाही. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मानणाऱ्या आईची ही लेक. आपण इथे राहतो म्हणजे जावयावर भार आहोत, हे तिच्या मनातून काही जाईना. तो बिचारा ‘‘आई, पाय वर घेऊन बसा ना’’ म्हणायचा आणि ती आणखी ताठ बसायची. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांची मायाही वाटायची.

खसखशीविना तिची झोप गेली. सकाळी डोळे सुजलेले दिसायचे. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, ‘‘छे हो, जागा नवी आहे इतकंच.’’ त्याला तेवढं पुरलं. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने स्वतः पाणी कोमट केलं, लिंबाच्या चवीची ती पूड चमचाभर घातली आणि पेला तिच्या हातात दिला.

‘‘घ्या आई. मॅग्नेशियम आहे. एकदम नॅचरल, काही साइड इफेक्ट नाही. यल्ला, चला, एका दमात.’’

मी विचारलं, ‘‘तुझं काही औषध चालू आहे का गं?’’

‘‘बीपीची गोळी तेवढी,’’ आई म्हणाली, आणि जावयाने दिलेला पेला दोन्ही हातांनी तोंडाला लावला. तीर्थ घ्यावं तसा.

पहिले काही दिवस घरात नुसता आनंद होता. आई झोपायला लागली. पोटाची कायमची तक्रार मिटली. नवरा ऑफिसात सांगत सुटला. बाटली लवकर खाली गेली तेव्हा मी म्हटलं, एवढी कशी संपली? तर आई लाजून म्हणाली, ‘‘दुपारीही घेते मी जरा. दोन चमचे. फार मानवलंय बाई.’’ नवऱ्याला ते ऐकून इतकं बरं वाटलं की येताना तो मोठी बाटली घेऊन आला. ती त्याने तिच्यासाठी वेगळी ठेवली.

मग हळूहळू घर शांत व्हायला लागलं. आई म्हणजे अखंड बोलणारी बाई. माझ्या भाजीला नावं ठेवणार, मुलीच्या केसांना नावं ठेवणार. ते बंद झालं. मला आधी हायसं वाटलं, वाटलं रुळली. पण ती दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या पेंगायची, आणि उठवलं तर कुठे आहोत हे आठवायला तिला वेळ लागायचा. पापण्या अर्ध्याच उघडायच्या. गाल लालसर दिसायचे, आणि आम्ही म्हणत होतो की इथली हवा मानवली. एकदा तिच्या हातून पेला सुटला. ती फुटलेल्या काचांकडे बघत राहिली, पुटपुटलीसुद्धा नाही. पेला फुटला आणि माझी आई गप्प बसली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

माझी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, ‘‘मॉम, आज्जी इज स्लीपिंग अगेन. अँड शी टॉक्स सो स्लो नाऊ.’’

‘‘वय झालंय तिचं,’’ मी म्हटलं. माझा मलाच तो आवाज खोटा वाटला.

त्या शनिवारी आई जेवायला उठली आणि तिचे गुडघे दुमडले. नवऱ्याने तिला धरलं. ‘‘माफ करा हं जावईबापू,’’ ती म्हणाली, आणि ते शब्दही जीभ जड झाल्यासारखे आले. आम्ही तिला तसंच गाडीत घातलं.

हॉस्पिटलात तरुण हैदराबादी डॉक्टर होते. नाडी फार मंद आहे, बीपी पडलंय, म्हणाले. त्यांनी छोट्या हातोडीने तिच्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर केलं, तोही हलला नाही. लहानपणी आम्ही भावंडं एकमेकांच्या गुडघ्यावर मारून पाय उडवायचो, तो खेळ मला आठवला.

डॉक्टर तिच्या कानाशी वाकले. ‘‘अम्मा, किडनी का कभी कुछ निकला था? शुगर? कोई पुरानी बीमारी?’’

आईने पापण्या कशाबशा उचलल्या. तिने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं, उशीवरचं डोकं सावरायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, ‘‘नहीं नहीं. मैं एकदम ठणठणीत है.’’

‘‘कौनसी दवाई लेती हैं?’’

‘‘सिर्फ बीपी की,’’ नवरा म्हणाला. ‘‘और हम मॅग्नेशियम देते हैं. दिन में दो बार. पावडर.’’

डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी नर्सला हाक मारून रक्ताच्या तपासणीत आणखी काहीतरी वाढवायला सांगितलं. त्यांचा आवाज बदलला होता.

मी आईचा चेहरा ओळखते. ते ‘‘नहीं नहीं’’ ज्या घाईने आलं, त्या घाईने फक्त खोटंच येतं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन दादाला फोन लावला.

‘‘आईला किडनीचं काही आहे का? खरं सांग.’’

 तो म्हणाला, ‘‘तिने शपथ घातली होती गं. दोन वर्षं झाली. किडनी निम्मीसुद्धा काम करत नाही. गोळ्या आहेत ना तिच्या बॅगेत?’’

बॅग मीच रिकामी केली होती; बीपीच्या गोळीशिवाय तिच्यात एकही औषध नव्हतं. त्या गोळ्याच तिने काढून ठेवल्या होत्या. जावयाच्या घरी आपण पेशंट म्हणून जायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. एअरपोर्टवर औषधं पकडतात, हे कारण तिला स्वतःची समजूत घालायला आयतं मिळालं.

मी परत येऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मग समजावलं: धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकते. जिची किडनी थकली आहे, तिच्या अंगात ते साठत जातं. आधी झोप येते, मग स्नायू सुस्तावतात, मग श्वास, आणि शेवटी हृदय. म्हणजे आम्ही ज्याला गाढ झोप म्हणत होतो, ती त्याची पहिली पायरी होती. नवरा हे सगळं उभ्याने ऐकत होता. 

दोनदा डायलिसिस झालं. शुद्धीवर आल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: ‘‘त्यांना सांग, औषध वाईट नव्हतं. झोप फार छान लागत होती.’’ नवरा पडद्याच्या पलीकडे चहाचे कप घेऊन उभा होता. तो आत आलाच नाही. चहा गार झाला.

मॅग्नेशियमचं नावही काढायचं नाही, दुकानातली कुठलीही पूड विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं बजावून डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. परत जायच्या आधी मी तिची बॅग भरत होते. तळाशी इरकली साडीची घडी जड लागली. उलगडली तर आत ती मोठी बाटली, झाकणाला चिकटपट्टी लावून.

‘‘आई!’’

‘‘एवढ्या हौसेनं आणलं त्यांनी,’’ ती म्हणाली. ‘‘माणसाची आठवण टाकायची कशी?’’

मी बाटली बेसिनमध्ये पालथी केली. ती बघत उभी राहिली, जणू मी भरलं ताट सांडत होते. दादाला मी फोन करून सगळं पढवलं, दोनदा वदवून घेतलं. नवऱ्याने आपली बाटलीही फेकून दिली. मी माझी पूड बंद केली, गोळे परत आले, तरी ती घ्यायचा धीर होत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

गेल्या रविवारी सकाळी मी पुण्याला फोन लावला.

‘‘झोपली आहे अजून,’’ दादा खुशीत म्हणाला. ‘‘हल्ली मस्त झोप लागते तिला.’’

‘‘किती वाजले तिकडे?’’

‘‘साडेदहा.’’

‘‘तिला उठव.’’

‘‘अगं, झोपू दे की.’’

‘‘दादा, तिला आत्ता उठव.’’

त्याच्या चपला ऐकू आल्या, मग दाराची कडी. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. तिसरी हाक त्याच्या नेहमीच्या आवाजातली नव्हती. माझ्यामागे नवरा कधी येऊन उभा राहिला मला कळलं नाही. मग फोनवर खरखर झाली आणि आईचा आवाज आला, जड, खोल गेलेला.

‘‘कोण, तू होय? जावईबापू बरे आहेत ना?’’

‘‘आई, तू कशी आहेस?’’

‘‘मी ना?’’ ती म्हणाली. ‘‘एकदम ठणठणीत.’’

‘‘फोन दादाला दे,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्या साड्यांच्या घड्या उलगडायला सांगते त्याला.’’