उंबराखालच्या विहिरीचं पाणी

बाटली शाईसारखी काळी झाली होती. आदल्या सकाळी पाणी भरल्यापासून मी ती पदरात, मग गोधडीत पोटाशी धरून होते. ऊब लागते तिला, कोंबडीखालच्या अंड्यासारखी. पाणी चांगलं असलं तर आतलं औषध मधाच्या रंगाचं राहतं. घाण मिसळली असली की काळं होतं. बास, एवढीच परीक्षा.

पाणी गास गावातल्या मेरीबायच्या विहिरीचं. उद्यावर तिच्या नातीचं, सुझनचं लग्न आलेलं. त्यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आजच, बँड लावून उंबराखालच्या विहिरीवर जातात आणि तिथल्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. तेच पाणी पाहुण्यांच्या सरबतालाही जाणार होतं.

लॅबच्या साहेबांना फोन लावला. पंचायतीसाठी विहिरींचं पाणी तपासायचं मी त्यांनाच विचारून विचारून शिकले, नाहीतर माझी शाळा सातवीपर्यंत.

"रिझल्ट?"

"काळा."

"मग ड्रिंकिंग बंद. सोर्स शोधा."

सोर्स म्हणजे घाण येते कुठून ते. गेले. सकाळचं धुकं वाडीत अजून रेंगाळत होतं. विहिरीत वाकले तर तळाशी आभाळ, आभाळात उंबराची फळं, आणि मधोमध माझंच तोंड. इतकं निर्मळ पाणी की बाटलीवरचा माझा विश्वास डळमळला.

मेरीबाय काठी टेकत आली. "माझी आय ह्याच पान्यानं न्हाली, मी न्हाली, माझ्या पोरी न्हाल्या. तुझी बाटलीच खोटी."

"आजी, मी मग बाटलीबंद पाण्यानं न्हाऊ का?" सुझन हसत म्हणाली, पण डोळे भरले होते तिचे.

मी विहिरीला एक फेरी मारली. काठच्या थारोळ्याला, पाणी ओतायच्या दगडी कुंडीला, बोटभर भेग, थेट विहिरीत उतरलेली, आणि भेगेत हिरवट काहीतरी सुकलेलं.

"बाय, अंगण कशानं सारवलं गं?"

"शेनानं. सुझनची हौस, जुन्या रितीचं लग्न पायजे तिला."

"आणि हात कुठे धुतलेत?"

मेरीबायनं काठीचं टोक थारोळ्यावर टेकलं. "हितंच," ती हळूच म्हणाली. "दहाजणींनी."

लग्नासाठी अंगण सजलं आणि विहीर बाटली.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "टीसीएल टाका. संध्याकाळी क्लोरीन चेक करा. न्हायला चालेल, प्यायला नाही."

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची. भेग सिमेंटनं बुजवली. सरबतासाठी मेरीबायच्या मुलानं टँकर मागवला.

ऊन कलल्यावर नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन पोचलं. तेवढ्यात शेतापलीकडून बँड ऐकू आला, स्वप्नात कुणी हाक मारावी तसा लांबून. पाटाच्या कडेनं रंगीत लुगडी हलत हलत येत होती. मेरीबायनं पहिली कळशी भरली, हुंगली आणि नाक मुरडलं.

"दवाखान्याचा वास येतो गं."

"येऊ दे. नवरी दवाखान्यात जाण्यापेक्षा बरा."

सुझन न्हाली, त्याच पाण्यानं.

पंधरा दिवसांनी पुन्हा बाटली भरली. दोन दिवस उबवली. मधाच्या रंगाची राहिली, तेव्हा कुठे पिण्याची परवानगी दिली.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकले. पाण्याचा तळ दिसला म्हणून पाणी कळत नाही, आधी आसपास कोण हात धुतं ते बघावं. विहिरीवर आता कुणी हात धुवायला वाकलं की मेरीबायची काठी आपटते. माझ्या बाटलीपेक्षा ती लवकर रिझल्ट देते.