अर्धं लिहिलेलं पान

भामरागडकडं पूर आला, रस्ता बंद झाला. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर नदीपलीकडं अडकले. मी तिथले कम्प्यूटर पाहतो, अन् त्या दिवशी माझी आईच तिथं भरती होती.

सकाळच्या इंजेक्शनानं आईचे ओठ सुजले, श्वास कोंडला. कशीबशी सावरली. हे इंजेक्शन पुन्हा देऊ नका, अशी नोंद दुपारी सिस्टर माझ्यासमोर टाकत होत्या. केसपेपर कधीचेच बंद झाले, सगळं मशीनमध्ये. त्यांनी सेव्ह दाबलं अन् कडाड! आमच्याकडं वीज कडाडली की घरोघरी पहिले प्लग उपटतात. झाडू मारणाऱ्या बाईनं त्याच क्षणी तेच केलं. टीव्ही, पंखा अन् साऱ्या नोंदी ज्यात राह्यतात तो माझा सर्वरही.

"अवो बाई, काऊन काढला?"

"मंग काय जळू देऊ?"

नोंद झाली समजून सिस्टर क्वार्टरवर गेल्या. मी सर्वरपाशी गेलो. नोंदी सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे डेटाबेस, एका वेळी लिहितो आठ केबीचं पान, अन् डिस्क एका दमात चारच केबीची हमी देते. मधातच करंट गेला तं अर्धं पान नवं, अर्धं जुनं. असं पान कधी कधी गुपचूप खोटंही बोलते. त्यासाठी अख्ख्या पानाची नक्कल आधी बाजूले ठेवायची सोय असते, पण तिच्यानं मशीन हळू होते म्हणून काही लोक ती बंद करतात. आमच्या मशीनवर ती चालू होती का, मले ठाऊक नव्हतं.

प्लग लावला. मशीन सुरू झाली. सारी पानं तपासली, सारी साबूत. "वाचलो बाप्पा!" म्हणून मी एकटाच हसलो.

मग आईचं नाव उघडलं. शेवटची ओळच नव्हती! नोंद अर्ध्यात तुटली, म्हणून डेटाबेसनं ती पार सोडून दिली. एक तं पूर्ण, नाईतं काहीच नाई, हा त्याचा कायदा. पान साबूत होतं, पण सकाळचं होतं.

अन् नव्या ड्यूटीवरची सिस्टर वॉर्डातल्या मशीनवर तेच पान पाहून सकाळचंच इंजेक्शन पुन्हा भरत असणार. मी जीव खाऊन धावलो. आईच्या दंडावर कापूस फिरवून झाला होता.

"सिस्टर, नाई! थांबा!"

"काऊन भाऊ? कम्प्यूटरात तं काहीच नाई."

मी तिचा सुईवाला हात धरून ठेवला. आई माझ्याकडं पाहत म्हणाली, "सुई मले टोचून राह्यले, तू काऊन कापून राह्यला रे?"