झोपलेल्या डबीची बॅटरी

सुरतेत कतारगामच्या आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रमागांना लागणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनायचे. तिथे राहून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती: माग बंद, म्हणजे खर्च बंद. वीज भिंतीतून यायची. थेंबथेंब कोण मोजत बसणार?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेठना बारडोलीकडचं एक काम मिळालं. उसाला पाणी देणाऱ्या टाक्यांवर एकेक डबी बसवायची. तिने दर तासाला पाण्याची पातळी रेडिओवरून पंपघराला कळवायची आणि मधल्या वेळात झोपायचं. तिथे वीज नव्हती, नुसते सेल. ते वर्षभर टिकतील असा शब्द मी देऊन बसलो. हिशेब केला तो डबी बोलते तेवढ्याच क्षणांचा. व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर मात्र मागांच्या बोर्डात असायचा तोच टाकला, कारण तसल्या रेग्युलेटरांनी आमचा खण भरलेला होता. स्वतः फार कमी वीज खाणारा रेग्युलेटर मुंबईहून मागवता आला असता, पण त्याला तीन आठवडे लागणार होते. तेवढा धीर माझ्यात कुठला!

आमचा वायरमन धुळ्याकडचा, मी जळगावचा, म्हणून तो मला दादा म्हणायचा. डब्या जोडणं आणि सील करणं त्याचं काम. एकदा मीटर हातात घेऊन तो म्हणाला, "दादा, हाई झोपेल शे, तरी सेल उतरी राहिनात." डबी झोपलेली असतानाही सेल उतरतायत, असं त्याचं म्हणणं.

"तू सील नीट लाव, डोकं मी चालवतो," मी म्हणालो. वर हसलोही.

दोन महिन्यांच्या आत सगळ्या डब्या मुक्या होऊन परत आल्या. सकाळी मी एकीला नवे सेल घालून मीटर लावला. डबी झोपलेली होती आणि रेग्युलेटर एकटाच खात बसला होता. काय ते मला कळलं. दुपारी शेठनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"कोनी भूल छे?" चूक कोणाची, एवढंच त्यांना हवं होतं.

"आत ओल शिरली असावी," मी म्हणालो.

वायरमनने एकदा माझ्याकडे पाहिलं. शनिवारी त्याला कामावरून काढलं.

मी गुपचूप मुंबईचा रेग्युलेटर मागवला. पुढे त्या डब्या खरंच वर्षभर चालल्या. शेठनी खूश होऊन घारी, सुरतेची ती तुपातली मिठाई, मागवली आणि मी ती खाल्ली. आजही त्याची लाज वाटते.

पण सगळ्यात वाईट ते नव्हे. काढल्यानंतर आठवड्याने तो माझ्या घरी आला होता. पाणीसुद्धा न घेता दारातच उभा राहिला.

"मनं काय चुकनं ते दाखाडा, दादा. दुसरीकडे परत नको चुकाले."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी आतून एक रिकामी डबी आणली आणि सील कसं लावायचं ते त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. तो मान डोलावत राहिला.