मत खोडायला

"तुमचं मत खोडायला तरी मला यावंच लागेल," मावशी काकांना म्हणाली होती.

तेव्हा ती शाळेचे गणवेश शिवायची आणि काका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. खोल्या दोन, पक्षही दोन. मतदानाच्या सकाळी दोघं एकत्र निघायची, शाळेच्या व्हरांड्यात मागेपुढे उभी राहायची आणि बोटांवर शाई घेऊन भांडत परत यायची.

"फिटलं?" काका विचारायचे.

"फिटलं," म्हणत मावशी चहा टाकायची.

आधी विटले काका. सगळ्या पक्षांची पत्रकं त्यांच्याच हातून जायची. आश्वासनांचा मजकूर एकदा जुळवला की ते तो मोडत नसत. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवत. पुढच्या निवडणुकीला वरचं पक्षाचं नाव तेवढं बदलायचं. कुणीही कधी हरकत घेतली नाही. "खिळे झिजले," काका म्हणायचे, "पण नळाला पाणी काही आलं नाही."

एका वर्षी मग घरात तह झाला. दोघांनीही जायचं नाही. निकाल तोच, पायपीट वाचेल. दुपारी काका दाढी करून येतो म्हणाले. मावशीला एकाएकी बटणं आणायची आठवण झाली. दोघं भेटली ती शाळेच्या रांगेत.

"लग्नात लाजले नव्हते, इतके लाजले," मावशी सांगायची. "आणि वर मलाच म्हणतात, दगाबाज!" रांग हसत होती. काकांनी सरकून तिला आपल्या पुढे उभं केलं. त्या दुपारचं ऊन अजून तिच्या बोलण्यात असायचं. बाकीची वर्षं फिकी पडली होती.

यंदा काका नव्हते. आणि मावशीने जन्मभर ज्याला मत दिलं, तो माणूस काकांच्या पक्षात जाऊन उभा राहिला होता. मतदानाच्या दिवशी मी गेले, तर ती शिलाई मशीनवर बसलेली.

"जायचं नाही?"

"कशाला? खोडायला कोण आहे?"

"मग काकांच्या वतीने दे."

"मरेपर्यंत पटलं नाही आमचं. आता मागे पटवून घेऊ? वरून ओरडतील." ती हसली. मग तिचा पाय थांबला. "त्यांच्याशी भांडायला म्हणून मी पेपर वाचायची गं. आता पेपर तसाच पडतो. जाऊ दे. कुणी आलं काय, गेलं काय." तिचा पाय पुन्हा चालू लागला.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. शेजारचा कार्यकर्ता चपला न काढताच आत आला.

"मावशी, चला, गाडी आणलीय. काका आमचेच होते. आता तुमचा माणूसही आमच्यातच. म्हणजे या घराचं मत आम्ही धरूनच चाललोय. आलात तर उत्तम, नाही आलात तरी अडत नाही."

 मावशीने मशीनचं चाक तळहाताने थांबवलं, दाताने दोरा तोडला, अर्धी बाही तशीच ठेवली. कपाटातून ओळखपत्र काढलं, चपला घातल्या. कार्यकर्ता लगबगीने बाहेर गेला आणि गाडीचं दार उघडून उभा राहिला.

ती त्या दाराला वळसा घालून शाळेच्या रस्त्याने चालू लागली.