वीतभर छप्पर

मी बीदरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझा हात चांगला आहे, हे मला ठाऊक आहे. पुठ्ठा, माती, थर्माकोल, जे हाताशी असेल त्यातून मी घर उभं करते. म्हणून शाळेच्या प्रदर्शनासाठी मुख्याध्यापिकाबाईंनी ‘आपल्या भागातली जुनी घरं’ हा विषय काढला, तेव्हा तिन्ही घरं मी एकटी करते असं सांगून मोकळी झाले. एक सपाट मातीच्या छताचं दगडी माळवद, एक कौलारू आणि एक काडाच्या, म्हणजे वाळल्या देठांच्या, छपराचं.

पहिली दोन आठवडाभरात झाली. तिसरं मी सगळ्यात सोपं धरलं होतं. तसल्याच घरात मी जन्मले होते. निर्णा गावाच्या कडेला, आमच्या बौद्ध वस्तीत आमचं छपराचं घर होतं. पुढं त्याच्यावर पत्रे आले, आणि आता भावानं तिथं स्लॅब टाकलाय.

माय तेव्हा माझ्याकडे, बीदरच्या नौबाद भागात राहत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. धुळीत जायचं नाही, ओझं उचलायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जन्मभर रानात राबलेल्या बाईला खुर्चीत बसवून ठेवणं सोपं नव्हतं. ती शेजारणीशी दखनीत गप्पा मारायची, टीव्हीवर कन्नड बातम्या लावायची आणि मधूनमधून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. 

काड मी फळवाल्याकडून आणलं. पेटीत संत्र्यांखाली घालतात ते. मोबाइलवर एका छपराचा फोटो होता, तो समोर ठेवला. मातीच्या रंगाच्या पुठ्ठ्याच्या भिंती, वर पुठ्ठ्याचीच दोन पाखं, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू. त्यावर गोंद लावून आढ्यापासून खाली काड चिकटवत आले आणि वळचणीला कात्रीनं सरळ रेघ कापली. छप्पर नीटनेटकं, पिवळंधमक दिसत होतं. मी खूश होते.

“झालं का?” मायनं विचारलं.

“झालं.”

तिनं छपरावर तळहात दाबून पाहिला. मग स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मी काही म्हणायच्या आत तो छपरावर ओतला.

“माय, काय करायलीस हे?”

“बघायले.”

पाणी काडातून थेट आत गेलं. पुठ्ठा फुगला, भिंतीचा रंग ओघळला आणि दोन मिनिटांत घर एका बाजूला बसलं. प्रदर्शनाला अकरा दिवस राहिले होते. माझा आवाज चढला.

“हे शोभेचं हाय. ह्याच्यात कुनी ऱ्हानार हाय का?”

“मग छप्पर कामून म्हनायलीस? टोपी म्हन.” तांब्या टेबलावर ठेवून ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

त्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मला राग आला होता, पण रागाखाली दुसरंही काही होतं. त्या घराबद्दल मी शाळेत, कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी वेणीत काड अडकलेलं दिसलं तर वर्गात शिरायच्या आधी मी ते काढून टाकायची. ते घर मला पुठ्ठ्यात, गोंदात, लवकर उरकून टाकायचं होतं. मायला ते उरकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तिनं ते ओलं छप्पर सगळं सोलून ठेवलेलं. कागदावर एकेक काडी मांडली होती.

“हे काड मेलेलं हाय,” ती म्हणाली. “मशिननं चेचलंय. पानी पितंय हे. इळ्यानं कापलेलं पायजे. आन गव्हाची ओंबीखालची काडी तेवढीच घ्यायची. ती बारीक आसती, तुझ्या एवढ्याशा घराला तीच शोभंल. निर्ण्याला जा.”

“तू येतेस?”

“डागदर नको म्हनलाय ना. तू जा. वढ्याकडच्या वाटंला ती अक्का हाय, तिला माझं नाव सांग.”

रविवारी मी बसनं निर्ण्याला गेले. अक्का म्हणजे मायच्याच वयाची, ओढ्याकाठी गव्हाचा लहानसा तुकडा असलेली शेतकरीण. ती आणि तिची सून गहू कापत होत्या. तुकडा एवढा चिंचोळा की यंत्र आत शिरत नव्हतं, म्हणून हातानं कापणी चाललेली. मी कोण ते सांगितल्यावर अक्कानं विळा खाली ठेवला.

“तुझ्या मायला काड पायजे? काय शाकारायलीय आता?”

मी हातानं घराचा आकार दाखवला. ती हसली. मग माझ्याबरोबर बांधावर बसून ओंब्या खुडून काड्या निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, “आमचा गोठा तिनंच शाकारलेला. एकदा न्हाई, चारदा. माझा मालक म्हनायचा, बाई छपरावर चढती हे बरं न्हाई. पन गळला की पहिल्यांदा तोच म्हनायचा, तिला बोलवा.”

आमचं घर माय शाकारायची हे मला माहीत होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, हैदराबादला बांधकामावर असायचे आणि पावसाळ्याआधी त्यांना सुट्टी मिळायची नाही. वस्तीतल्या माणसांना सांगितलं तर आज येतो, उद्या येतो. एका वर्षी माय स्वतःच चढली. मी सात वर्षांची असेन. खालून पेंड्या फेकायला मीच होते. पण ती दुसऱ्यांचे गोठेही शाकारायची, हे मला पहिल्यांदा कळत होतं.

“बोट वळतं का गं आता तिचं?” अक्कानं विचारलं.

मायच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट सरळच राहतं. उसतोडीत कोयता लागला, असं तिनं आम्हाला सांगितलेलं.

“कोयता कुठला,” अक्का म्हणाली. “आमच्या गोठ्यावरून पडली ती. हात अंगाखाली आला. मीच फडकं बांधलं. मला म्हनली, कुनाला सांगू नको, न्हाईतर म्हनतील, बगा, बाईचं कामच न्हवं. दुसऱ्या दिशी सकाळी आली आन ऱ्हायलेलं पाख पुरं केलं.”

बसमध्ये काडाची पेंडी मी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे. मी सांगितलं, छपराचं काड आहे, आमच्या घराचं. पहिल्यांदाच असं सांगितलं आणि सांगायला काहीच जड गेलं नाही.

घरी आल्यावर मी मायला सरळ विचारलं, “तू गोठ्यावरून पडलीस, हे आम्हाला कामून सांगितलं न्हाईस?”

ती काड चाचपत होती. “चांगलं काड दिलंय अक्कानं,” म्हणाली. मग एक काडी बोटात वळवत, “तुझ्या अप्पानं परत चढू दिलं नसतं. आन चढले नसते तर तुमच्या वह्या-पुस्तकाचं काय केलं असतं? गोठ्याचं मिळालेलं तेवढंच माझ्या हातात राहायचं.”

“दुखलं असंल की.”

“दुखलं. पन पाख सरळ आलं.”

एवढंच. तिनं विषय संपवला आणि परात मागितली.

पुढचे सहा दिवस मी तिची शिकाऊ होते. काड अर्धा तास भिजवायचं, म्हणजे मोडत नाही. पुठ्ठ्याची पाखं तिनं फेकायलाच लावली. खराट्याच्या काड्यांचे वासे केले, त्यांवर आडव्या काड्या बांधल्या. उतार मी फोटोत होता तेवढा धरला होता. तिनं तो वाढवला. “चिमनी बसली तर घसरली पायजे,” म्हणाली. सुतळी जाड झाली असती म्हणून अंबाडीच्या वाखाचे केसासारखे धागे काढले. दोरीसारखी बारीक पेंडी करायची, मुळाकडचं टोक खाली, आणि सुरुवात वळचणीपासून. खालचा थर बांधून झाला की वरचा त्याच्या निम्म्यावर येऊ द्यायचा. असं चढत चढत आढ्याला जायचं. मी उलटं केलं होतं. माझ्या छपराचा प्रत्येक थर पाण्याला आत यायची वाट दाखवत होता.

गाठी मी मारायची, कारण बारीक धागा तिला अजून दिसत नव्हता. पण गाठ सैल असली तर तिच्या बोटांना कळायची.

“सोड. परत मार.”

“ही दिसनार न्हाई, माय. आतली हाय.”

“वारं आतूनच येतं.”

चौथ्या दिवशी माझी गाठ तिनं चाचपली आणि पुढच्या पेंडीला हात घातला. मी बत्तीस वर्षं चित्रं काढतेय, बक्षिसं मिळवलीत, पण त्या दिवशी वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं.

आढ्यावर काड दोन्ही बाजूंनी वाकवून, त्यावर दोन काड्या दाबून बांधल्या आणि छप्पर पुरं झालं. वीतभर लांब, रंगानं थोडं मळकट, वळचणीला किंचित वरखाली. या वेळी तांब्या मी आणला. आत टिपकागद ठेवला आणि ओतला. पाणी पाखावरून घसरून टेबलावर पसरलं. कागद कोरडा निघाला. मायनं तो चष्म्याखाली गालाला लावून बघितला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी तिला शाळेत नेलं. घरांपुढे पाट्या लावलेल्या होत्या, मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः लिहिलेल्या, कन्नडमध्ये. पहिलीवर ‘माळवद’, दुसरीवर ‘कौलारू घर’, आणि तिसरीवर ‘गरिबाची झोपडी’. मायला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं होतं.

ती मुख्याध्यापिकाबाईंकडे वळली आणि कन्नडमध्ये, सावकाश म्हणाली, “बाई, त्या दोन घरांवर छपराचं नाव लिहिलंत. आमच्या घरावर आमच्या हातात काय न्हाई ते लिहिलंत.”

मुख्याध्यापिकाबाई वाईट नाहीत. त्यांनी पाटी उचलली, पेन काढलं. “मग काय लिहू, अव्वा?”

“काडाचं घर. आन गळत न्हाई, तेवढं लिहा.”

त्यांनी तसंच लिहिलं. खाली मी माझ्या अक्षरात शाकारणारीचं नाव घातलं. मायचं, पूर्ण. दिवसभर पोरं त्या घराभोवती होती, आणि माय खुर्चीत बसून त्यांना काड कुठून वाकवायचं ते सांगत होती; ज्याची जी भाषा, त्या भाषेत.

उन्हाळ्यात भावानं शेळ्यांसाठी शेड बांधायला काढली. तो पत्रे आणणार होता. माय म्हणाली, पत्र्याखाली उन्हात शेळ्या भाजतात, काड घाल. भावाला शाकारणं येत नव्हतं, आणि मायला डोळ्यामुळं शिडीवर चढू द्यायला आम्ही दोघंही तयार नव्हतो. मी दोन रविवार निर्ण्याला गेले. साडीचा काचा मारला आणि चढले. भाऊ खालून पेंड्या फेकत होता, माय काठी घेऊन उभी होती आणि कुठली पेंडी वाकडी ते काठीनं दाखवत होती. वस्तीतली दोन-चार माणसं येऊन बघून गेली. कुणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारपर्यंत मी आढ्याला पोचले. वरून ओढा, अक्काचं रान आणि हुमनाबादकडं जाणारा रस्ता दिसत होता. हात काडानं खरचटले होते. मायनं खालून विचारलं, “दमलीस का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “पेंडी दे.”